शर्यतीच्या कबुतरांची हंगामपूर्व तयारी (पुणे)

लांबवर नेऊन सोडल्यावर आपल्या ढाबळीत परत येणाऱ्या ‘होमर’ कबुतरांना नव्या मोसमासाठी सज्ज करण्याचे काम. यात पिसे, दाणा, आरोग्य आणि उडण्याचा सराव, सगळेच येते. भारतात या शर्यती हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. त्यामुळे पुण्यात तयारीचा खरा काळ पावसाळ्यात पडतो, पक्ष्यांकडे पाहावेसेही वाटत नाही अशा दिवसांत.

पुण्यात कबुतरबाज म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो बहुधा गिरेबाज पाळणारा. गिरेबाज आपल्याच गच्चीच्या माथ्यावर उंच चढून घिरट्या घालतो आणि त्याची बाजी तासांवर मोजतात. अकबराने ज्याला ‘इश्कबाजी’ म्हटल्याचे आणि ज्यासाठी दरबारात वीस हजारांवर कबुतरे असल्याचे ‘ऐन-इ-अकबरी’त नोंदले आहे, तो उंच उडवण्याचा खेळ याच घराण्यातला. होमरची जात मात्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये घडली. तिची शर्यत अंतराला लागलेल्या वेळेने भागून ठरते आणि वेग दर मिनिटाला इतके मीटर असा सांगतात. गिरेबाजावर हात बसलेला माणूस होमरकडे वळला की सहसा पहिल्याच वर्षी चुकतो. तो पक्षी आभाळात किती वेळ राहतो ते पाहत बसतो. होमरच्या बाबतीत पाहायचे असते तो खाली किती लवकर येतो हे.

तयारीचा पाया म्हणजे पिसझड. कबुतराच्या प्रत्येक पंखात टोकाकडची दहा मोठी उडायची पिसे असतात आणि शेपटीत बारा. पंखाची पिसे आतून बाहेर, एकामागून एक, ठरल्या क्रमाने गळतात आणि त्या जागी नवी येतात. हा प्रकार काही महिने चालतो. पीस जवळजवळ सगळे प्रथिनाचेच असते, म्हणून या काळात खुराकात वाटाणा, मूग, हरभरा यांचा भाग वाढवतात आणि करडई, जवस यांसारख्या तेलबिया थोड्या घालतात. नर-मादी वेगळे करून अंडी-पिल्ले थांबवतात. पिल्ले भरवणारी जोडी पिसे धड घालत नाही. पीस वाढत असताना पक्षी दोन दिवस जरी आजारी पडला किंवा उपाशी राहिला, तरी त्या पात्यावर आडवी फिकट रेघ उमटते. जाणता माणूस कबुतर तळहातावर घेतो, पाय दोन बोटांत धरतो, पंख पंख्यासारखा उघडून उजेडाकडे करतो आणि आधी ही रेघ शोधतो. रेघ असेल तर पीस नेमके तिथेच मोडते, तेही बहुधा लांबच्या पल्ल्यावर. नोव्हेंबरात कितीही चांगले खाऊ घातले तरी जुलैतली रेघ पुसली जात नाही.

पावसाळ्यात दुसरा शत्रू ओल. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून आणलेला मका वा ज्वारी पोत्यात चार दिवसांत दमट होते आणि बुरशी धरते. म्हणून दाणा मुठीत चोळून, नाकाशी धरून मगच घालावा. ढाबळीची जमीन कोरडी हवी, नाहीतर कोक्सिडिओसिस (आतड्यांतल्या परजीवीचा रोग), जंत आणि कँकर (घशात चट्टे आणणारा परजीवीचा रोग) हे तिन्ही पाहुणे एकदम येतात. रोज सकाळी विष्ठा पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी: घट्ट, गोळीसारखी, वर पांढरी टोपी असली की ठीक, हिरवट पातळ दिसली की पक्षी वेगळा काढायचा. मान मुरडणाऱ्या पॅरामिक्सो विषाणूवरची लस सराव सुरू होण्याच्या पुष्कळ आधी द्यावी लागते. मोसमाआधी सगळ्या ढाबळीला सरसकट अँटिबायोटिक पाजण्याची पद्धत बरीच दिसते. ती वाईट आहे. झाडलोट करताना तोंडाला मास्क लावावा, कारण पिसांची व विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेल्याने होणारा आजार खरा आहे. 2025 मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना झाकल्यापासून पुण्यातही शेजाऱ्यांचा प्रश्न हमखास हाच असतो, आणि ढाबळ स्वच्छ ठेवणे हेच त्याला उत्तर.

नवी पिल्ले साधारण 25 ते 28 दिवसांची झाली की आईबापांपासून वेगळी करतात. ओळखीसाठीची पायातली बंद कडी त्याआधीच, पहिल्या आठवड्याच्या सुमारास, चढवलेली असते; नंतर ती पंजातून जात नाही. वेगळी केलेली पिल्ले जाळीच्या पिंजऱ्यात घालून गच्चीवर ठेवतात, म्हणजे पंखांत जोर येण्याआधीच आसपासची पाण्याची टाकी, पत्रे, मंदिराचा कळस त्यांच्या नजरेत बसतात. विकत आणलेले मोठे कबुतर उडायला मोकळे केले तर ते जुन्या मालकाकडे जाते. त्याला जोडीसाठीच ठेवावे.

दिवाळीच्या आसपास आभाळ उघडले की उडवणे नेमाने सुरू होते. सकाळी वीस मिनिटांपासून वाढवत तासापर्यंत, तेही रिकाम्या पोटी. रोजचा दाणा पक्ष्यामागे साधारण 30 ग्रॅम, आणि तो उतरल्यावरच. डबा खुळखुळवला किंवा शिटी वाजवली की आत, आत आले की दाणा: हे गणित पक्क्या सवयीचे झाले पाहिजे. शेजारच्या पत्र्यावर चार मिनिटे बसलेले कबुतर काय गमावते ते पाहा. 180 किलोमीटर 150 मिनिटांत कापले तर वेग मिनिटाला 1200 मीटर. चार मिनिटे वाढली की तो 1169 वर येतो.

मग लांबून सोडणे. त्याआधी एक-दोन रात्री पक्षी करंडीतच ठेवतात, म्हणजे बाहेर टांगलेल्या पन्हाळीतून मान काढून पाणी प्यायला ते शिकतात. हे न शिकलेला पक्षी शर्यतीच्या गाडीत तहानलेला राहतो. पुण्यातून सोलापूर रस्ता सोयीचा आहे. आधी हडपसर, मग लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत आणि शेवटी सुमारे 100 किलोमीटरवरचे भिगवण. मुलूख मोकळा असतो, सकाळचे ऊन पाठीशी राहते आणि हिवाळ्यात वाराही बहुधा पूर्वेकडून असतो. पश्चिमेला सह्याद्रीचे कडे आहेत, तिथे कबुतरांची शिकार करणारा शाहीन ससाणा असतो. लोहगाव विमानतळाच्या आसपास करंडी उघडू नये हे सांगायला नको. ढगाळ दिवशी नवखी कबुतरे सोडू नयेत. दिशा धरायला कबुतर सूर्याचा आधार घेते. 1971 मध्ये विल्यम कीटन यांनी पाठीवर चुंबक बांधलेली कबुतरे ढगाळ दिवशी भरकटलेली आणि उन्हात मात्र नीट आलेली दाखवली. म्हणजे दुसरा आधार पृथ्वीच्या चुंबकत्वाचा, पण पोरसवदा पक्ष्याच्या भरवशावर तो तपासायचे कारण नाही.

शिक्रा वर्षभर असतोच. थंडीत बहिरी ससाणा येतो. त्याहून वाईट संक्रांतीचा मांजा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी जानेवारीत तो वडाच्या फांद्यांत आणि तारांवर लोंबताना दिसतोच. त्याने पीस मध्येच कापले तर ते गळत नाही आणि वाढतही नाही, पुढच्या पिसझडीपर्यंत तसेच राहते. म्हणून संक्रांतीच्या आगेमागे जाणते लोक ढाबळीचे दार उघडत नाहीत.