मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती आणि प्रत्यक्षात वेळ किती लागतो

मुलाकडे-मुलीकडे पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेले काका-काकू तिकीट काढायला आले की पहिला प्रश्न हाच असतो, "किती तास लागतात हो?", म्हणून हे जरा सविस्तर लिहून ठेवलंय.

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किमी आहे. डायरेक्ट फ्लाइट जाताना 16 तासांच्या आसपास घेते आणि येताना 14-साडेचौदा, कारण वर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे असतात, जाताना ते समोरून लागतात आणि येताना पाठीमागून ढकलतात. सपाट नकाशावर सरळ रेघ मारली की वाटतं तसं विमान आफ्रिकेवरून जात नाही, घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो वर उत्तर युरोप, ग्रीनलँडच्या बाजूने जातो, तोच जवळचा रस्ता. अर्थात कोणत्या देशाची हवाई हद्द बंद आहे त्यावर रूट बदलतो, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी हद्द बंद केली तेव्हा भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या बऱ्याच फ्लाइट्सचा वेळ वाढला.

दुबईवरून गेलात तर अंतर फार वाढत नाही, चारेकशे किमीच जास्त, वेळ खातो तो मधला थांबा. आमच्या मते वयस्कर मंडळींनी तीन तासांपेक्षा कमी थांबा घेऊच नये, दोन-चार हजार वाचवायला धावपळ कशाला!

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. समजा तिकिटावर लिहिलंय 15 जून, मुंबई रात्री 1:30, न्यूयॉर्क सकाळी 8:00, तारीख तीच. साडेसहा तासांत पोचलो असं वाटतं, पण उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, त्यामुळे प्रवास 16 तासांचाच (नोव्हेंबर ते मार्च हा फरक साडेदहा तास होतो). आणि 15 तारखेचं रात्री दीडचं विमान म्हणजे 14 तारखेच्या रात्री साडेदहाला एअरपोर्टवर हजर! पुण्याहून निघणाऱ्यांनी 14 ला संध्याकाळी पाचलाच गाडी काढायची, एक्स्प्रेसवेला घाटात ट्रॅफिक लागलं की तास-दीड तास सहज जातो. तारखेचा हा घोळ होऊ नये म्हणून आम्ही तिकिटाच्या प्रिंटवर घरून निघायची तारीख आणि वेळ पेनाने लिहूनच देतो, ती फ्रिजवर लावून ठेवा.

न्यूयॉर्कहून पुढे दुसऱ्या शहराला जायचं असेल तर साधारणपणे अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, बेल्टवरून बॅगा घेऊन कस्टम्समधून बाहेर यायचं आणि पुढच्या फ्लाइटसाठी परत द्यायच्या. मुंबईत टॅग शेवटच्या शहराचा लागला तरी बॅगा घ्याव्याच लागतात. इंग्रजीचं टेन्शन असेल किंवा गुडघे दुखत असतील तर बुकिंगच्या वेळीच सांगा, व्हीलचेअरची रिक्वेस्ट आम्ही टाकून देतो, म्हणजे एअरपोर्टवर सोबत मदतीला माणूस असतो.