क्लिप लाल झाली: पत्ता चुकलाय, की फाइल उतरलेलीच नाही?

व्हिडिओ एडिट करताना टाइमलाइनवर ‘मीडिया ऑफलाइन’ची लाल पाटी आली की बहुतेकांचा हात थेट रिलिंकवर, म्हणजे हरवलेली फाइल पुन्हा जोडून द्यायच्या सोयीवर जातो. कुणालाही विचारा, सल्ला तोच: ‘रिलिंक कर ना भावा.’ फुटेज स्वतःच्या हार्ड डिस्कवर असायचं तोवर हे खपून जायचं. आता निम्मं फुटेज वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह नाहीतर ड्रॉपबॉक्ससारख्या क्लाउडमध्ये पडलेलं असतं, आणि त्याच लाल पाटीमागे दोन अगदी निराळी कारणं असू शकतात.

पहिलं कारण सगळ्यांना पाठ आहे. प्रोजेक्ट फाइलमध्ये फुटेज नसतंच, असतो तो फक्त त्याचा पत्ता. फोल्डरचं नाव बदललं, ड्राइव्हचं अक्षर बदललं, की पत्ता चुकला. क्लाउडमुळे यात थोडीशी भर पडली आहे. विंडोजवर वनड्राइव्हच्या फोल्डरच्या पत्त्यात सहसा युजरचं नाव असतं, म्हणून तोच प्रोजेक्ट दुसऱ्याच्या मशीनवर उघडला की लाल पाटी येणारच. ‘लोकेट’ दाबा, एक क्लिप दाखवा, त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या आपोआप जोडल्या जातात. विषय संपला.

खरी फसगत दुसऱ्या कारणात आहे. फाइल फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर दिसते. नाव बरोबर, तारीख बरोबर, साइझ ४ जीबी. फक्त आत काही नाही. वनड्राइव्हने जागा वाचवायला मजकूर वर ठेवलाय आणि खाली नुसती नावाची पाटी लावली आहे. पत्ता शंभर टक्के बरोबर आहे, माल अजून आलेला नाही. मग क्लिप कधी ‘मीडिया पेंडिंग’वर अडकते, कधी सगळं सॉफ्टवेअर गोठतं, आणि नेट गेलेलं असेल तर सरळ लाल होते.

हे ओळखायला अर्धं मिनिटही लागत नाही, तरी कुणी बघत नाही याचा मला मनापासून वैताग येतो. वनड्राइव्हमध्ये फाइलपुढे निळ्या रेघेचा ढग असेल तर ती खाली नाही. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ असे दोन आकडे असतात. वरचा ४ जीबी आणि खालचा शून्य असेल, तर रिलिंकचा विचार डोक्यातून काढून टाका.

कारण इथे रिलिंक नुसतं निरुपयोगी नाही, घातक आहे. तुम्ही क्लिप शोधता, क्लिक करता, त्या झटापटीत फाइल डाउनलोड होते आणि वाटतं, रिलिंकने काम केलं. विंडोजची जागा मोकळी करणारी ‘स्टोरेज सेन्स’ ही सोय तशी लावलेली असेल, तर काही दिवसांनी ती न वापरलेल्या फाइली पुन्हा वर पाठवते आणि तोच खेळ नव्याने सुरू. त्याहून वाईट म्हणजे नावांचा घोळ. सोनीच्या कॅमेऱ्यात क्लिपची नावं सी०००१, सी०००२ अशी असतात आणि नव्या कार्डावर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. म्हणजे हळदीच्या कार्डातही सी००१२ आणि लग्नाच्या कार्डातही सी००१२. घाईत चुकीच्या फोल्डरमधली जोडलीत, की मंगलाष्टकं चालू आणि पडद्यावर पिवळे हात. हे तेव्हाच लक्षात आलं तर नशीब समजा.

अर्धवट उतरलेली फाइल आणखी एक सोंग घेते. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिलेली असते, आणि तो शेवट आल्याशिवाय फाइल उघडत नाही. मग ‘फॉरमॅट चालत नाही’ असा एरर येतो आणि लोक कोडेकला, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीला, शिव्या घालत कन्व्हर्टर डाउनलोड करत बसतात.

‘नेट फास्ट आहे, थेट क्लाउडवरून एडिट करीन,’ म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. १०० एमबीपीएसचं फोरके फुटेज म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे एकत्र लावले की २०० एमबीपीएसची लाइन तिथेच संपली, आणि प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवरची सरकती रेघ, पुढेमागे ओढायचा तो वेगळाच.

माझी पद्धत साधी आहे. एडिटिंग सॉफ्टवेअर उघडण्याआधी पूर्ण फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’. गूगल ड्राइव्हवर ‘अव्हेलेबल ऑफलाइन’. ढग जाऊन भरीव हिरवं वर्तुळ येईपर्यंत चहा घ्या. डिस्कवर जागा नसेल तर आधी जागा करा. प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी नक्कल, बनवून सुटका होईल असं समजू नका, कारण प्रॉक्सी बनवायलाही मूळ फाइल पूर्ण खाली यावी लागते, आणि वनड्राइव्हचं फोल्डर बहुधा आधीच गच्च असलेल्या सी ड्राइव्हवर असतं. प्रॉक्सी आणि मीडिया कॅशे (सॉफ्टवेअर स्वतःसाठी बनवतं त्या तात्पुरत्या फाइली) मात्र सिंक होणाऱ्या फोल्डरच्या बाहेरच ठेवा. कॅशे क्लाउडवर चढवणाऱ्यांना काय मिळतं, देव जाणे.

वर्तुळ भरीव हिरवं आहे, व्हीएलसी प्लेअरमध्ये क्लिप सुरळीत चालतेय, आणि टाइमलाइनवर तरीही लाल? मग खुशाल रिलिंक करा.