सिनेटची मानद खुर्ची: निवडून की नेमून?

विद्यापीठाच्या अधिसभेची, म्हणजे सगळे म्हणतात त्या सिनेटची, खुर्ची मानद असते. पगार नाही, बैठकीपुरता भत्ता मिळतो. तरी या खुर्चीसाठी पॅनेल उभी राहतात, परिपत्रके निघतात, निवडणुकीला स्थगिती मिळते आणि प्रकरण उच्च न्यायालयात जाते. सिनेटने काय करावे यावर फारसे कोणी भांडत नाही. सिनेटवर कोणी कोणाला पाठवावे, हा वाद मात्र विद्यापीठांइतकाच जुना आहे.

1857 साली मुंबई विद्यापीठ सुरू झाले ते परीक्षा घेणारी संस्था म्हणून. सिनेटचे फेलो, म्हणजे सदस्य, सरकार नेमायचे आणि तेही तहहयात. फेलोपद हा मानाचा किताबच झाला आणि शिक्षणाशी दुरान्वयानेही संबंध नसलेली मंडळी यादीत जमा होत गेली. 1904 च्या कायद्याने ही मुदत पाच वर्षांवर आणली, संख्येला 100 ची कमाल मर्यादा घातली आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास या तीन जुन्या विद्यापीठांत 20 जागा निवडणुकीने भरायचे ठरवले. त्यातल्या 10 नोंदणीकृत पदवीधरांच्या. बाकी नेमणुका कुलपतींच्या, म्हणजे सरकारच्या हातात. दर्जा सुधारायचा आहे, असे सरकारचे म्हणणे होते. विद्यापीठे सरकारी खाते होतील, असे कायदे करणाऱ्या कौन्सिलातल्या भारतीय सभासदांचे. फुगलेल्या यादीबद्दलची सरकारची तक्रार खोटी नव्हती, पण 100 पैकी 80 नेमलेले म्हटल्यावर विरोधकांची भीतीही अनाठायी ठरत नाही.

मधला काळ भराभर ओलांडता येईल. स्वातंत्र्यानंतर राज्यातल्या विद्यापीठांना स्वतंत्र कायदे होते. 1994 मध्ये सगळ्यांसाठी एकच कायदा आला, आणि सध्याचा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 चा. तो 1 मार्च 2017 पासून लागू झाला. या कायद्यात रोजचा कारभार आणि धोरण व्यवस्थापन परिषदेकडे आहे. सिनेटच्या वाट्याला अर्थसंकल्प आणि ‘सामाजिक प्रतिसाद’ येतो, वर्षातून किमान दोन बैठका होतात. प्रत्यक्षात सिनेट सदस्याचे काम म्हणजे लेखी प्रश्न टाकणे, अर्थसंकल्पावर कपात सूचना देणे, निकाल का रखडले ते उभे राहून विचारणे. वजन आहे ते पुढच्या पायरीत: व्यवस्थापन परिषदेवरचे काही सदस्य सिनेट आपल्यातून निवडून देते. पदवीधर गटाच्या जागांची ओढ बरीचशी इथून येते.

या जागा आजही 10 च आहेत, पाच खुल्या आणि पाच राखीव. मतदार मात्र आपोआप होत नाही. पदवी आहे म्हणून नाव यादीत येत नाही. अर्ज भरायचा, कागदपत्रे जोडायची, शुल्क भरायचे, मग छाननी. सामान्य पदवीधर या भानगडीत सहसा पडत नाही. त्यामुळे नोंदणी करून घेते ती संघटना. अर्जांचे गठ्ठे कार्यकर्ते जमवतात आणि निवडणूक मतदानाच्या आधीच अर्धी झालेली असते. उरलेली अर्धी पसंतीक्रमाची. मतपत्रिकेवर नावांपुढे 1, 2, 3 असे आकडे घालायचे असतात. सवयीने बरोबरची खूण केली की मत बाद. मग कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मते, बाद फेऱ्या आणि रात्रभर चालणारी मोजणी. आमदारकीच्या पदवीधर मतदारसंघात काम केलेल्यांना हे तंत्र पाठ असते. सिनेटकडे तालीम म्हणून पाहिले जाते ते त्यामुळेच.

2021 च्या डिसेंबरात तत्कालीन सरकारने कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर करून घेतले. उच्च शिक्षण मंत्री प्र-कुलपती होणार होते आणि कुलगुरूपदासाठीची नावे सरकारमार्गे कुलपतींकडे, म्हणजे राज्यपालांकडे, जाणार होती. विरोधकांनी रान उठवले, विधेयकाला संमती मिळाली नाही, आणि 2022 मध्ये सरकार बदलल्यावर ते मागे घेतले गेले. विद्यापीठांच्या स्वायत्ततेचा तेव्हा बराच गजर झाला.

त्याच वर्षी 31 ऑगस्टला आधीच्या सिनेटची मुदत संपली. पुण्यात पदवीधर गटाची निवडणूक नोव्हेंबर 2022 मध्ये उरकली. मुंबईत ती 10 सप्टेंबर 2023 ला होणार होती. 17 ऑगस्टच्या रात्री स्थगिती आली. कारण मतदारयादीचे: नव्वद हजारांहून अधिक नावे आणि त्यात दुबार नोंदींच्या तक्रारी. तक्रार निराधार नव्हती. नोंदणी नव्याने केल्यावर यादी साडेतेरा हजारांच्या आत आली, म्हणजे जुन्या यादीत पाणी किती होते ते दिसतेच. पण यादी दुरुस्त करण्यात वर्ष उलटले आणि तोवर या 10 खुर्च्या रिकाम्या होत्या.

दुसरी स्थगिती इतकी सहज समजत नाही. नवी यादी तयार, उमेदवार ठरलेले, मतदान रविवारी, 22 सप्टेंबर 2024 ला. शासनाच्या पत्राचा हवाला देत विद्यापीठाने ते दोन दिवस आधी थांबवले. शनिवारी उच्च न्यायालयात सुनावणी झाली आणि निवडणूक घ्यायचा आदेश मिळाला. मतदान 24 तारखेला झाले. 2018 मध्ये दहाही जागा जिंकलेल्या युवासेनेनेच, म्हणजे आता विरोधात असलेल्या ठाकरे गटाच्या युवक संघटनेनेच, 2024 मध्येही दहाच्या दहा जिंकल्या. थांबवणाऱ्यांना या निकालाची कल्पना होती की नव्हती, हे वाचकांनी ठरवावे.

नेमणुकीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की निवडणुकीने पक्ष आत येतात. येतात, हे खरेच. पण कुलपतींच्या नामनिर्देशनाच्या याद्याही कोणत्या सरकारच्या काळात निघाल्या ते पाहून वाचल्या जातात, आणि तिथे दुबार नावांची तक्रार करायलाही मतदारयादी नसते.

राहिला मुदतीचा हिशोब. कायद्यात सदस्यत्वाची पाच वर्षे सिनेटबरोबर मोजली जातात. सदस्य कधी निवडून आला याने फरक पडत नाही. म्हणून सप्टेंबर 2024 मध्ये निवडून आलेल्या मुंबईच्या दहा जणांना 31 ऑगस्ट 2027 पर्यंतचा, म्हणजे तीन वर्षांहून थोडा कमीच काळ मिळतो. दिरंगाईत गेलेली दोन वर्षे त्यांच्याच खात्यातून वजा झाली.