सगळ्यांना गडावर नेण्याची रीत: ट्रेकच्या श्रेणी आणि तुकड्यांची पार्श्वभूमी

पावसाळा तोंडावर आला की मुंबई-पुण्यातल्या गिरिभ्रमण संस्थांची पत्रकं फिरू लागतात. तारीख, गड, कुठल्या वाटेनं चढायचं, वर्गणी, आणि कुठेतरी खाली एक रकाना असतो: श्रेणी. सोपी, मध्यम किंवा कठीण. नवखा माणूस गडाचं नाव आणि वर्गणी बघून पैसे भरतो. जुना माणूस आधी श्रेणी बघतो आणि लगेच विचारतो, ‘लीडर कोण आहे?’ यातला दुसरा प्रश्न जास्त जुना आहे आणि माझ्या मते आजही जास्त महत्त्वाचा आहे. लीडर सगळ्यांना ओळखत होता तोवर श्रेणी छापायची फारशी गरजच पडत नव्हती.

महाराष्ट्रातली गडभटकंती संस्थांच्या कितीतरी आधीची. गो. नी. दांडेकरांसारखी माणसं दोघातिघांना सोबत घेऊन, गडाखालच्या वाडीतल्या वाटाड्याच्या भरवशावर हिंडत होती. तेव्हा कोणाला झेपेल आणि कोणाला नाही हे वाटाड्याच ठरवायचा. पहिल्या चढावरचा श्वास ऐकून तो वाट बदलायचा किंवा सावलीत बसवायचा. पुढे संस्थांनी नियमांत जे लिहिलं त्यातलं बरंचसं या वाटाड्यांना आधीपासून ठाऊक होतं. त्यांची नावं मात्र क्वचितच कुठे नोंदली गेली, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

शिस्तीचा दुसरा झरा हिमालयातून आला. तेनसिंग आणि हिलरींनी 1953 मध्ये एव्हरेस्ट सर केल्यावर पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. नंतर मनालीला आणि 1965 मध्ये उत्तरकाशीला. इथे ‘बेसिक’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स’ हे अभ्यासक्रम करून परतलेल्या मराठी मुलांनी दोर आणि गाठींसोबत एक सवयही आणली: दोरावरच्या प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि संघाचा वेग सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याच्या पायांवर. यूथ हॉस्टेल असोसिएशनच्या हिमालयीन ट्रेकमधून दुसरी गोष्ट मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली. रोज एक तुकडी निघते. त्याआधी बेस कॅम्पवर उंचीची सवय होण्यासाठी पाठीवर सॅक घेऊन एक-दोन दिवस चालवतात, आणि कोणाला पुढे धाडायचं याचा अंदाज तिथेच येतो.

1980च्या दशकात हे सगळं सह्याद्रीत उतरलं. पुण्यात 1982 मध्ये गिरिप्रेमी स्थापन झाली, मुलुंडच्या चक्रम हायकर्सचं कामही त्याच दशकातलं. गावोगावी, उपनगरांत असे गट उभे राहिले. त्यांचे सभासद एका गल्लीतले, एका कॉलेजचे, एका बँकेतले. शनिवारी रात्री स्टेशनवरच्या इंडिकेटरखाली जमायचं, शेवटची कसारा किंवा कर्जत लोकल पकडायची, पहाटेची एसटी किंवा जीप. इंडिकेटरखाली उभ्या लीडरची नजर आधी बुटांच्या तळांवर जायची, मग सॅकच्या पट्ट्यांवर, मग पाण्याच्या बाटल्यांवर. कोणाचा गुडघा दुखतो, कोण उंचीला घाबरतो, कोण ‘मला काही होत नाही’ म्हणत पाणीच पीत नाही, हे त्याला आधीच माहीत असायचं. मोठ्या ट्रेकआधी संस्थेच्या खोलीत बैठक व्हायची आणि तिथे एखाद्याला ‘या वेळी नको, पुढच्या महिन्यात राजमाचीला ये’ असं तोंडावर सांगता यायचं. ओळखीमुळे ते ऐकूनही घेतलं जायचं.

चढाईला श्रेणी देण्याची पद्धत युरोपातली. जर्मन गिर्यारोहक विलो वेल्झेनबाखनं 1920च्या दशकात कातळचढाईसाठी सहा पायऱ्यांची श्रेणी मांडली आणि आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघानं 1968 मध्ये तिच्यावर आधारलेली पद्धत स्वीकारली. नुसत्या चालीसाठी त्याहून जुना आडाखा आहे. स्कॉटलंडच्या विल्यम नाइस्मिथनं 1892 मध्ये सांगितलेला हिशेब साधारण असा: सपाटीवर तासाला 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे 5 किलोमीटर वाट आणि 600 मीटर चढ असेल तर दोन तास.

हा हिशेब थंड हवेतल्या धडधाकट माणसाचा. सह्याद्रीत मे महिन्यात घाटमाथ्याखालची दमट हवा अर्धा जीव खाते, डिसेंबरात तीच वाट लहान मूलही हसत चढतं, आणि जुलैत तिच्यावरचं शेवाळ भल्याभल्यांना बसवून उतरायला लावतं. म्हणून आपल्याकडच्या जाणत्या संस्थांनी श्रेणीला ऋतू जोडला. मग चालीचे तास, घसारा (सुट्या मातीदगडांचा निसरडा उतार) किती, कातळटप्पा आहे का, दोर लागेल का आणि दृष्टिभय (खोल दरी बघून वाटणारी भीती) किती, हेही लिहू लागले. हे शेवटचं विशेष महत्त्वाचं. दम कमी पडला तर माणूस थांबून पुन्हा चालतो. अरुंद ट्रॅव्हर्सवर, म्हणजे कड्याला आडव्या जाणाऱ्या वाटेवर, खालची दरी बघून पाय थिजले तर पुढे जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. दोन्हींना मिळून ‘मध्यम’ असा एकच शिक्का मारला तर चालणाऱ्याला काहीच कळत नाही.

वेगवेगळ्या ताकदीच्या लोकांना एकाच दिवशी एकाच जागी कसं न्यावं, हे हरिश्चंद्रगडावर फार छान समजतं. पुणे, ठाणे आणि नगर (आता अहिल्यानगर) या तीन जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा गड, आणि तिन्ही बाजूंनी वाटा. नगरकडच्या पाचनईहून ओढ्याच्या आणि कातळाच्या कडेनं जाणारी वाट अडीच-तीन तासांत मंदिरापाशी पोचवते. आजी-आजोबा, मुलं, पहिल्यांदा येणारे यांच्यासाठी हीच. जुन्नरकडच्या खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट लांब. खिंडीनंतर कातळात रेलिंग, पुढे रानातल्या टेकड्यांचा चढउतार संपता संपत नाही. चार-पाच तास धरावेत. आणि मुरबाडकडच्या बेलपाड्याहून नळीची वाट. नाळेत, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीत, घरांएवढे धोंडे, मध्ये दोर लावायचे कातळटप्पे, उजवीकडे-डावीकडे उभे कडे. पूर्ण दिवस जातो आणि नवख्याचं तिथे काम नाही. संस्थेकडे लीडर पुरेसे असतील तर तीन तुकड्या तीन वाटांनी निघतात आणि संध्याकाळी कोकणकड्यावर एकत्र बसतात. नळीवाल्यांना आपला कस लावता आला, पाचनईवाल्यांनाही तोच कडा, तोच सूर्यास्त मिळाला. सगळ्यांना एका रांगेत कोंबून जलद चालणाऱ्यांना कंटाळा आणि सावकाश चालणाऱ्यांना शरम देण्यापेक्षा हे किती तरी चांगलं!

कोल्हापूरकडची पन्हाळा ते पावनखिंड मोहीम वेगळ्या जातीची. जुलै 1660 मधला शिवरायांचा प्रवास आणि बाजीप्रभूंचं बलिदान यांच्या स्मरणार्थ दर पावसाळ्यात अनेक संस्था म्हसाई पठारावरून, वाड्यावस्त्यांतून सुमारे 50 किलोमीटर चालत जातात. इथे शेकडो लोक असतात, त्यांत शाळकरी मुलंही आणि साठी ओलांडलेलेही. एवढ्या गर्दीत वाट वेगळी करता येत नाही, म्हणून टप्पे पाडतात: मुक्काम, जेवणाच्या जागा, थकलेल्यांना गाडीत बसता येईल अशी गावं आधी ठरलेली. ज्याला पुढे जमत नाही तो तिथून गाडीनं मुक्कामी पोचतो आणि सकाळी पुन्हा चालू लागतो.

2000 नंतर चित्र झपाट्यानं बदललं. इंटरनेटवरून अनोळखी माणसं नाव नोंदवू लागली, वीस जणांच्या गटाच्या जागी बस भरून लोक येऊ लागले, आणि व्यावसायिक आयोजकही आले. कळसूबाई आणि कलावंतीण सुळक्यावर सुट्टीच्या दिवशी रांगा लागू लागल्या. आता लीडर पहाटे पायथ्याशी ज्यांना पहिल्यांदा भेटतो, त्यांच्या गुडघ्यांविषयी त्याला काय ठाऊक असणार? जे काम ओळख करत होती ते पत्रकावरच्या रकान्यावर आलं, आणि तो रकाना वाटेबद्दल बोलतो, माणसाबद्दल नाही.

अपघातांनी हे उघडं पाडलं. मार्च 2018 मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक ट्रेकर गेले, आणि देशभरातल्या संस्था हादरल्या. महाराष्ट्रात न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रकरणांनंतर शासनानं साहसी उपक्रमांसाठी सुरक्षा नियम आणले, 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आली. विमा, प्रशिक्षित माणसं, आणीबाणीचं नियोजन हे कागदावर दाखवावं लागू लागलं. विनामूल्य काम करणाऱ्या लहान संस्थांना या कागदांचा जाच होतो, हे खरं आहे. तरीही नियमांचा रोख योग्य आहे असं मला वाटतं.

चांगल्या संस्था आज जुनी ओळख नव्या मार्गानं मिळवू पाहतात. अर्जात दमा, रक्तदाब, जुनी दुखापत विचारतात. शेवटचा ट्रेक कुठला केला, किती वेळ लागला हे विचारतात. शंका आली तर फोन करतात. पुण्यात अनेकांना आधी आतकरवाडीहून सिंहगड चढून दाखवायला सांगतात. ट्रेकला पहिल्या अर्ध्या तासाचा चढ मुद्दाम संथ ठेवून पहिल्या थांब्यावर प्रत्येकाचा चेहरा बघतात. माघारी फिरायचं असेल तर ते इथेच, गाव जवळ असताना, आणि सोबत एक जाणता माणूस देऊन. एकट्याला कधीच परत पाठवत नाहीत. दिवसाची एक वेळ ठरलेली असते. तोवर माथा आला नाही तर सगळे फिरतात.

या साऱ्याचा भार पेलतो तो ‘टेल’, रांगेतला शेवटचा माणूस. त्याच्या मागे कोणी राहता कामा नये. प्रथमोपचाराची पेटी आणि जादा पाणी बहुधा त्याच्याकडेच असतं. थकलेल्याची सॅक तो स्वतःच्या छातीवर लटकवतो, गप्पा मारत त्याचा वेग सावरतो आणि लीडरला कळवतो की पुढचे थांबवा. या जागेसाठी माणसं मिळत नाहीत, ही आजची मोठी अडचण. अनुभवी मंडळींना नळीची वाट आणि अलंग-मदन-कुलंगसारखे कठीण गड हवे असतात. पाचनईच्या तुकडीमागे रमतगमत चालायला कोणी तयार होत नाही. म्हणून काही संस्थांनी कठीण ट्रेकचं नेतृत्व मागणाऱ्याला आधी सोप्या ट्रेकवर टेल म्हणून चालायला लावायचा रिवाज ठेवला आहे.