ज्याला लागला, त्याला आठवत नाही

२८ सप्टेंबर १९७९, लास व्हेगास. मुष्टियुद्धातला हेवीवेट जगज्जेता लॅरी होम्स सहा फेऱ्या आरामात खेळला होता. सातव्या फेरीत अर्नी शेव्हर्सचा उजवा हात आला आणि होम्स पाठीवर आडवा झाला. तो उठला, लटपटत ती फेरी काढली आणि अकराव्या फेरीत लढतही जिंकला. पुढे जानेवारी १९८८मध्ये माइक टायसननं याच होम्सला चौथ्या फेरीत संपवलं. आता होम्सला विचारा, सगळ्यांत जोराचा ठोसा कुणाचा? तो शेव्हर्सचं नाव घेतो.

म्हणजे ज्या ठोशानंतर तो उठला, तो भारी. आणि ज्यानं लढत कायमची संपली, तो त्याच्या खालचा. ऐकायला विचित्र वाटतं. पण ‘सगळ्यांत जोरदार ठोसा कुणाचा’ हा वाद शंभर वर्षं मिटत नाही, त्याचं कारण या साक्षीतच आहे. आपण एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबतो: ठोशात जोर किती होता, आणि त्यानं डोक्याचं काय केलं?

जोर मोजता येतो, निदान वाटतं तरी तसं. १९८५मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी फ्रँक ब्रुनो या नामांकित हेवीवेटला प्रयोगशाळेत आणलं आणि यंत्रं जोडलेल्या एका जड लंबकावर ठोसा मारायला लावला. मूठ सेकंदाच्या दहाव्या भागात लक्ष्यावर पोचली, तेव्हा तिचा वेग सेकंदाला ८.९ मीटर होता. सर्वाधिक बल ४०९६ न्यूटन भरलं, म्हणजे साधारण चारशे किलोंचा भार. लक्ष्याला गुरुत्वत्वरणाच्या ५३ पट झटका बसला, आणि हाच ठोसा माणसाच्या डोक्यावर बसला तर बल ६३२० न्यूटनपर्यंत जाईल, असं गणित त्यांनी मांडलं. सोप्या भाषेत सांगायचं तर सहा किलोंचा लाकडी हातोडा, वर गादी गुंडाळलेला, ताशी ३२ किलोमीटर वेगानं येऊन आदळावा तसं.

इथपर्यंत छान. पण २०००मध्ये ब्रिटनमध्येच हौशी मुष्टियोद्ध्यांवर वेगळ्या यंत्रानं मोजमाप झालं, तेव्हा अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या, पवित्र्यात मागे असलेल्या हाताच्या ठोशाची सरासरी ४८०० न्यूटन निघाली. मग काय, हे हौशी खेळाडू ब्रुनोपेक्षा तगडे? अर्थातच नाही. लक्ष्य किती मऊ, किती जड, मागे सरकतं की जागचं हलत नाही, यावर आकडा बदलतो. एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्या यंत्रावरच्या आकड्याशेजारी ठेवणं म्हणजे एकाची उंची चप्पल घालून आणि दुसऱ्याची अनवाणी मोजण्यासारखं आहे. काही यंत्रं तर स्वतःच्याच एककात लाखांच्या घरातले आकडे दाखवतात. त्या आकड्यांवर वाद घालणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

मापनातून एक गोष्ट मात्र पक्की हाती लागते. ठोशात वेगाइतकंच महत्त्व मुठीमागे उभ्या असलेल्या वस्तुमानाला आहे. २००५मध्ये ऑलिंपिक दर्जाच्या मुष्टियोद्ध्यांना यंत्रं बसवलेल्या पुतळ्याच्या तोंडावर ठोसे मारायला दिले गेले. मुठीचा सरासरी वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास, म्हणजे ब्रुनोइतकाच. पण धडकेच्या क्षणी मुठीमागे सरासरी जेमतेम तीन किलो वस्तुमान ‘हजर’ होतं. वरच्या वजनगटांचे ठोसे जड पडत होते ते मुख्यतः या हजेरीमुळे, वेगामुळे नव्हे.

हजेरी हाच शब्द मला इथे योग्य वाटतो. शंभर किलोंचा माणूस मारतो म्हणून शंभर किलो मुठीत येत नाहीत. मनगट वाकलं, कोपर सैल राहिलं, खांदा मागे पडला, की तेवढं शरीर गैरहजर. कॅनडातल्या स्टुअर्ट मॅकगिल यांच्या गटानं कसलेल्या लढवय्यांच्या स्नायूंतले विद्युत संकेत टिपले, तेव्हा एक सुंदर क्रम दिसला. फटका सुटताना स्नायू आकसतात, वाटेत सैल पडतात म्हणजे वेगाला अडथळा होत नाही, आणि धडकेच्या क्षणी पुन्हा घट्ट होतात. दोरी होऊन सुटायचं आणि दांडका होऊन पोचायचं. नवख्याचं नेमकं उलटं होतं. तो सुरुवातीपासून आवळलेला असतो.

शिवाय ठोसा हातात सुरूच होत नाही. सोव्हिएत संशोधकांच्या १९८५च्या अभ्यासात निष्णात मुष्टियोद्ध्यांच्या ठोशातला जवळपास ३८ टक्के वाटा मागच्या पायाच्या रेट्याचा निघाला, शिकाऊंमध्ये तो १६-१७ टक्केच होता. रॉकी मार्सियानो सुमारे ८५ किलोंचा, १७८ सेंटिमीटर उंचीचा आणि आखूड हातांचा. आज तो हेवीवेटच्या ९०.७ किलोंच्या उंबऱ्याबाहेरच राहिला असता. पण त्याचे पाय बघा. २३ सप्टेंबर १९५२ला फिलाडेल्फियात तेराव्या फेरीपर्यंत जर्सी जो वॉलकॉट गुणांवर पुढे होता. दोघांनी एकाच वेळी उजवा हात सोडला, मार्सियानोचा आधी पोचला. वॉलकॉट दोरावर हात अडकलेल्या अवस्थेत हळूहळू खाली घसरला, जणू कुणी आतली हवा काढून घेतली. तो ठोसा फार लांबून आला नव्हता. लांबून यायची त्याला गरज नव्हती.

आता दुसरा प्रश्न, डोक्याचा. मेंदू साधारण १.४ किलोंचा, मऊ, आणि कवटीत द्रवात तरंगणारा. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी १९४३मध्ये जिलेटिनची प्रतिकृती वापरून दाखवलं की सरळ धक्क्यापेक्षा पीळ अधिक घातक ठरतो. कवटी गर्रकन फिरते, मेंदू मागे रेंगाळतो आणि आतल्या थरांवर ताण येतो. जागेपणाची सूत्रं मेंदूच्या देठात असतात. तिथवर हा ताण पोचला की दिवा विझतो. म्हणून हनुवटी बदनाम. मानेपासून ती सगळ्यांत दूर, म्हणजे तरफेचं लांब टोक. कपाळावर मोठा ठोसा बसूनही माणूस उभा राहतो, आणि हनुवटीला बाजूनं बसलेला मध्यम हूक, म्हणजे कोपर वाकवून मारलेला ठोसा, त्याला झोपवतो.

शुद्ध न जाताही शरीर हातातून निसटू शकतं. २२ नोव्हेंबर १९८६ला टायसनच्या डाव्या हूकनं ट्रेव्हर बर्बिक खाली गेला. उठायला गेला, तोल जाऊन पुन्हा पडला, धडपडत दोरांकडे गेला, परत कोसळला. एकाच ठोशात तीनदा पडणं! इच्छा शाबूत होती, पण पायांपर्यंत हुकूम पोचत नव्हता. पंचांनी अखेर त्याला मिठीत धरलं आणि वीस वर्षांचा टायसन सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता झाला.

यात मारणाऱ्याइतकाच खाणाऱ्याचाही वाटा असतो. ठोसा दिसला की मान आपसूक ताठते. मग डोकं एकटं नसतं, धडाला जोडलेलं असतं. न दिसलेला ठोसा नुसत्या डोक्याला भेटतो. टायसनचं खरं शस्त्र हेच होतं, असं माझं मत. बुटका, झुकून आत शिरणारा, आणि ठोसा डोळ्यांच्या रेषेखालून वर आणणारा.

पुन्हा साक्षीदारांकडे येऊ. या वादात सगळे पुरावे शेवटी ‘अमुक म्हणाला’ इथे येऊन थांबतात. मुहम्मद अलीनं १९७७मध्ये शेव्हर्सविरुद्ध पंधरा फेऱ्या काढल्या आणि नंतर गमतीनं सांगितलं की तो ठोसा आपल्या आफ्रिकेतल्या भाईबंदांनाही जाणवला. पण अली सांगू शकला, कारण तो शुद्धीवर होता. ज्यांची शुद्ध गेली, त्यांच्या आठवणीतून पुष्कळदा तो ठोसाच पुसला जातो. आघाताच्या क्षणी मेंदू नोंद करायचंच सोडून देतो. म्हणजे सर्वांत परिणामकारक ठोशांचे साक्षीदारच उरत नाहीत. होम्सच्या साक्षीतला विरोधाभास असा सुटतो. शिवाय शेव्हर्ससमोर तो २९ वर्षांचा होता, टायसनसमोर ३८ वर्षांचा.

नॉकआउटच्या टक्केवारीतून तरी काही कळतं का? थोडंसं. डिऑन्टे वाइल्डरनं पहिल्या ४२ विजयांपैकी ४१ नॉकआउटनं मिळवले, आणि तरीही १ डिसेंबर २०१८ला बाराव्या फेरीत पाठीवर पडलेला टायसन फ्युरी उठून बसला, उभा राहिला आणि लढत बरोबरीत सुटली. टक्केवारीत प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा मिसळलेला असतो, आणि त्यांच्या मानाही.

तरी मत द्यायचंच तर माझं जॉर्ज फोरमनला. वेगात तो टायसनच्या जवळपासही नव्हता. पण वेग वयाबरोबर जातो, मुठीमागची हजेरी इतक्या सहज जात नाही. २२ जानेवारी १९७३ला किंग्स्टनमध्ये त्यानं जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. ५ नोव्हेंबर १९९४ला तो ४५ वर्षांचा होता, वजन ११३ किलो, आणि मायकल मूरर तीनही पंचांच्या कागदावर पुढे होता. दहाव्या फेरीत एक साधा जोडठोसा आला. डावा, मग आखूड उजवा, मागे फारसा न ओढलेला. मोजणी दहापर्यंत गेली तेव्हा मूरर पाठीवरच होता.