लाकडी पेलेटची प्रतवारी

लाकडाचा भुसा वाळवून, बारीक करून पोलादी साच्याच्या छिद्रांतून प्रचंड दाबाने काढलेल्या जळणाच्या कांड्या म्हणजे पेलेट. जाडी ६ किंवा ८ मिमी., लांबी फार तर ४० मिमी. वेगळा डिंक सहसा लागत नाही. दाबाने तापलेल्या लाकडातले लिग्निन, म्हणजे लाकडाचे धागे जोडणारे नैसर्गिक द्रव्य, मऊ होऊन तेच भुसा धरून ठेवते. सातारा-सांगलीकडे ‘पांढरा कोळसा’ म्हणून विकली जाणारी ब्रिकेट याच कुळातली, पण चांगली मनगटाएवढी जाड. ती बॉयलरला ठीक. घरगुती पेलेट-शेगडीत जळण पुढे ढकलणाऱ्या स्क्रूतून सरकायची नाही.

पेलेटवर घर उबदार ठेवण्याची रीत मुख्यतः युरोप व उत्तर अमेरिकेतली, प्रतवारीही तिकडचीच. आयएसओ १७२२५-२ या आंतरराष्ट्रीय मानकात घरगुती वापराच्या ए१, ए२ आणि बी अशा तीन प्रती आहेत. महागडी प्रत जास्त तापते हा समज चुकीचा. ओलावा तिन्हींत १० टक्क्यांच्या आतच हवा आणि उष्णताही किलोमागे किमान ४.६ किलोवॉट-तास हवी. खरा फरक राखेचा : ए१ मध्ये ती ०.७, ए२ मध्ये १.२ आणि बी मध्ये २ टक्क्यांपर्यंत चालते. साल जितकी जास्त, तितकी राख जास्त. अमेरिकेत प्रीमियम, स्टँडर्ड व युटिलिटी या प्रतींना अनुक्रमे १, २ व ६ टक्के मर्यादा आहे.

आपल्याकडे राखेचा आकडा आधी विचारावा, कारण स्थानिक माल निव्वळ लाकडाचा असेलच असे नाही. उसाचे पाचट, भुईमुगाची टरफले, शिराळा-पाटणकडचे भाताचे तूस यांच्याही कांड्या पाडता येतात. मात्र त्या बिगरलाकडी, म्हणजे आयएसओ १७२२५-६ खालच्या. तुसात राख १५ ते २० टक्के. म्हणजे १५ किलोच्या पोत्यामागे ए१ ची राख शंभरेक ग्रॅम, तर तुसाची सव्वादोन किलोच्या वर. पाचटाची राख लवकर वितळते, जाळीवर वीटभट्टीतल्यासारखा खंगर धरतो आणि हवेची भोके बुजतात. गुऱ्हाळाच्या चुलाणाला हे चालून जाते, तिथे झोकायला आणि राख ओढायला माणूस असतो. घरातल्या शेगडीला रोज कोण खरवडणार?

रंगावरून प्रत ठरत नाही. चांगली कांडी गुळगुळीत असते, कट्‌कन मोडते, पाण्यात टाकली की बुडते आणि थोड्या वेळात फुगून तिचा पुन्हा भुसा होतो. पोत्याच्या तळाशी चुरा फार असेल तर माल कच्चा किंवा दमट समजावा.

सातारा जिल्ह्यात घर तापवण्याची गरज खरी महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर, जिथे थंडीत वेण्णा तलावाकाठी दव गोठते. पण तिथलाच पावसाळा पेलेटचा वैरी. पोती जमिनीला न टेकवता फळीवर, प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवावीत. धुराडे नसलेल्या बंद खोलीत मात्र ए१ सुद्धा पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.