फेस न येणाऱ्या पाण्यात हात धुताना

लातूरची तूरडाळ देशभर जाते, आणि लातुरातल्याच कित्येक घरांत ती बोअरच्या पाण्यात शिजत नाही. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाताखाली येतो. शेवटी बायका वैतागून जारचं पाणी घालतात. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, म्हणून डाळ मऊ होत नाही. हेच कॅल्शियम साबणाचाही फेस होऊ देत नाही. आमच्या काकूंचे हात का उलतात हे शोधताना मी या डाळीपाशी येऊन पोचले.

काकू शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवतात. तांदूळ धुणं, भाजी चिरणं, शंभरावर ताटं विसळणं, आणि प्रत्येक कामानंतर हात धुणं. दिवसातून वीसेक वेळा तरी हात ओले होतात. दोन हिवाळे झाले, बोटांच्या बेचक्यात आणि मुठीच्या हाडांवर लाल भेगा पडायच्या, मीठ-तिखट लागलं की चरचरायचं. दुकानदाराने ‘हर्बल, एकदम माइल्ड’ म्हणून लिंबाच्या वासाचा हिरवा हँडवॉश दिला. आठवडाभरात भेगांतून रक्त यायला लागलं. “वास लई चांगला होता गं,” एवढंच काकू म्हणाल्या.

रसायनशास्त्र शिकवते म्हणून घरात मला मान आहे, पण तोपर्यंत मी त्या बाटलीची मागची बाजू वाचलीच नव्हती. वाचायच्या आधी एक प्रयोग केला, तो कुणालाही घरी करता येईल. दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत गच्चीवर साठवलेलं पावसाचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत आंघोळीच्या साबणाचा नखाएवढा कीस टाकला आणि वीस वेळा हलवलं. पावसाच्या पाण्यात बोटभर फेस उभा राहिला. बोअरच्या पाण्यात मात्र फाटलेल्या दुधासारखे पांढरे कण तरंगायला लागले, वर फेसाचं नावही नाही. बाटली ओतून दिल्यावर आतून बोट फिरवलं तर चिकट, मेणचट थर. तोच थर बादलीच्या कडेला बसतो, आणि हातावरही.

अशा पाण्याला पाठ्यपुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात. मराठीत इतका नेमका शास्त्रीय शब्द क्वचित सापडतो. मराठवाड्याखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्याच्या फटींतून मुरताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उचलतं, आणि बोअर जितकी खोल तितका पाण्याचा खडकाशी सहवास बहुधा जास्त. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, सांगतं की दुष्फेनता लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावी. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूर शहरात ‘दुसरा स्रोत’ हे शब्द वाचताना जरा हसूच येतं.

साबण म्हणजे तेला-चरबीतल्या मेदाम्लांचं सोडियम मीठ. दुष्फेन पाण्यात सोडियमच्या जागी कॅल्शियम येऊन बसतं, आणि ते मीठ पाण्यात विरघळत नाही. म्हणून आपण आणखी साबण लावतो, आणखी चोळतो, आणि तरी तो पुरता निघत नाही. साबणाचा द्राव मुळात अल्कधर्मी, पीएच (आंबट-अल्कधर्मीपणाचं माप) 9 ते 10. आपली कातडी मात्र किंचित आंबट असते, साधारण 4.5 ते 5.5. हा आंबटपणा उगाच नाही. कातडीचा सगळ्यांत बाहेरचा थर अंगावर बहुतेक ठिकाणी 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे वहीच्या कागदाच्या पाचव्या हिश्शाएवढाही कसाबसा. त्यात मेलेल्या पेशी दगडांसारख्या रचलेल्या आणि मधे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा चुना भरलेला. हा चुना बनवणारी विकरं (एन्झाइम) आंबट वातावरणात नीट काम करतात. पीएच वर गेला की ती मंदावतात, आणि पेशींमधले सांधे कापणारी दुसरी विकरं जोरात येतात. म्हणजे गवंडी सुट्टीवर आणि पाडापाडी करणारे कामावर.

निरोगी कातडी हा बिघाड काही तासांत सावरते. काकूंच्या हातांना तेवढे तास मिळतच नाहीत. त्यातून तळहाताला तेलाच्या ग्रंथी नसतातच. तिथला थर जाड म्हणून तळवा तग धरतो. पाठीमागची आणि बेचक्यातली पातळ कातडी आधी उलते. डिसेंबरात परभणीची कोरडी थंडी, मे महिन्यात बेचाळीसच्या वर पारा आणि भाजणारा वारा, म्हणजे हवाही वर्षातले सात-आठ महिने ओलावा ओढून घ्यायला टपलेली. हात धुतल्यावर बोट बोटावरून ओढलं की ‘चर्र’ वाजतं आणि आपल्याला वाटतं, आता खरे स्वच्छ झाले. तो आवाज बहुतांशी चुना खरवडून गेल्याचा असतो.

मग लावायचं काय? ज्याला ‘सिंडेट’ म्हणतात ते. दिसायला साबणाची वडी, पण आत साबण नसतो किंवा अगदी थोडा असतो. कृत्रिम रीतीने बनवलेला सौम्य फेसक असतो. अमेरिकेत 1957 साली डव्ह ही वडी बाजारात आली ती याच जातीची. अशा वड्यांचा पीएच 5.5 ते 7 च्या आसपास ठेवता येतो, आणि बोअरच्या पाण्यात त्यांचा चोथा होत नाही. माझ्या तिसऱ्या बाटलीत हा कीस टाकला तेव्हा बोअरच्याच पाण्यात फेस आला. फेस कमी म्हणजे माल कमअस्सल, असं मात्र समजू नये. मळ आणि जंतू उचलून नेण्याचं काम थोड्या फेसातही होतं.

दुकानात उभं राहून ओळखायची खूण पाकिटाच्या मागे, बारीक इंग्रजी अक्षरांत असते. यादीत पहिलं नाव सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नेलेट किंवा नुसतं सोडियम सोप असेल तर तो साबण. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट पहिलं असेल तर सिंडेट. इथे टीएफएम नावाच्या आकड्याने पुष्कळ लोक फसतात. टीएफएम म्हणजे साबणातल्या एकूण मेदाचं प्रमाण. भारतीय मानकानुसार पहिल्या दर्जाच्या टॉयलेट सोपमध्ये ते किमान 76 टक्के, दुसऱ्यात 70, तिसऱ्यात 60. ‘बेदिंग बार’ असेल तर 40 पुरतं. मोबाइलवर फिरणारा सल्ला सांगतो, टीएफएम जास्त तो साबण चांगला. साबणा-साबणात तुलना करताना ते काही अंशी बरोबरही आहे, भरताड कमी असते. पण 76 टक्क्यांचा साबणही साबणच, त्याचा पीएच काही खाली येत नाही. उलट सौम्य सिंडेट वडीवर बहुतेकदा ‘बेदिंग बार’ छापलेलं असतं आणि गिऱ्हाईक तिला हलकी समजून परत ठेवतं. अर्थात साध्या साबणात भरताड घालून केलेले बेदिंग बारही असतात. पाकीट उलटं करण्यावाचून सुटका नाही.

बाटलीतल्या हँडवॉशचं प्रकरण वेगळं. पातळ आहे म्हणून सौम्य असं काही नसतं. सोडियम लॉरिल सल्फेट कातडीला जास्त झोंबतं. त्याचंच ‘लॉरेथ’ हे भावंड थोडं नरम, आणि सोबत कोकामिडोप्रोपिल बीटेन असेल तर दोघांच्या मिश्रणाने झोंब आणखी कमी होते. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांत पोटॅशियम कोकोएट किंवा ओलिएट असतं. तो सरळसरळ पातळ साबण. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं की पाणी जितकं दुष्फेन, तितकं लॉरिल सल्फेट धुतल्यानंतरही कातडीवर जास्त उरतं. म्हणून आमच्याकडे सौम्य उत्पादनापेक्षाही जास्त वेळ विसळण्याला किंमत आहे. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्याला हे सांगताना जीभ अडखळते. निदान शेवटचं तांब्याभर पाणी जारचं किंवा पावसाचं घेतलं तरी फरक पडतो, असा आमचा घरचा अनुभव.

लगेच घरभर पाणी मऊ करणारं यंत्र बसवायला मात्र धावू नका. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या 336 मुलांवर त्याची नीट चाचणी झाली, 2011 मध्ये निष्कर्ष आले: नेहमीच्या उपचारांपेक्षा यंत्राने जास्त गुण आला नाही. धुण्याचा सोडा टाकून पाणी मऊ होतं खरं, पण ते इतकं अल्कधर्मी होतं की हातांचं वाटोळंच.

काकूंच्या त्या हिरव्या बाटलीत काय होतं? लॉरिल सल्फेट, भरपूर सुगंध, आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं परिरक्षक, म्हणजे माल टिकवणारं रसायन. या शेवटच्या पदार्थाला अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संस्थेने 2013 साली ‘वर्षातला ॲलर्जन’ ठरवलं होतं. सुगंध हाही ॲलर्जीच्या नेहमीच्या कारणांपैकी एक, मग तो लिंबाचा असो की चंदनाचा. त्वचा नाजूक असेल तर बिनवासाचं घ्यावं. ‘जंतुनाशक’ या शब्दासाठी जादा पैसे मोजायचीही गरज नाही. ट्रायक्लोसानसह 19 घटक असलेले घरगुती साबण आणि हँडवॉश विकायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये मनाई केली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहेत हे कंपन्या दाखवू शकल्या नाहीत.

आजीच्या काळचं काही? चुलीतली राख साबणाहूनही अल्कधर्मी, ती भांड्यांनाच बरी. लिंबू भेगांवर झोंबतं, आणि त्याचा रस लागलेला हात उन्हात गेला तर फोड येऊ शकतात. रिठ्यातलं सॅपोनिन बऱ्यापैकी सौम्य, पण उकळून ठेवलेलं पाणी दोन दिवसांत आंबतं. तेलकट हाताला बेसन चालतं. ते तेल शोषतं आणि कातडीतल्या चुन्याला फारसा हात लावत नाही.

मला या सगळ्यात आवडते ती बाल्टिमोरची गोष्ट. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 1889 च्या सुमारास कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची परिचारिका शस्त्रक्रियेआधी मर्क्युरिक क्लोराइड आणि कार्बोलिक आम्लाने हात धुवायची. हात इतके सोलवटले की नोकरी सोडायची वेळ आली. सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे बनवून घेतले. पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. शस्त्रक्रियेतले रबरी मोजे रुग्णाला वाचवायला आले असं आपण समजतो. ते आले एका बाईच्या उललेल्या हातांसाठी. काकूंना ताटं विसळायला मी तसेच मोजे आणून दिले, आत सुती मोजे घालून, म्हणजे घामाने कातडी भिजत नाही.

हात पुसताना रगडायचे नाहीत, टिपायचे. आणि ओल असतानाच काहीतरी स्निग्ध लावायचं. साधं व्हॅसलीन उडून जाणारा ओलावा जवळजवळ पूर्ण अडवतं, फक्त चिकट लागतं. तेल लावायचं तर आमच्याकडे करडई आहे. देशी करडईच्या तेलात सत्तर टक्क्यांच्या वर लिनोलेइक आम्ल असतं, आणि कातडीच्या त्या चुन्यातलं एक महत्त्वाचं सेरामाइड याच आम्लापासून बनतं. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल जास्त. ते कातडीचा बांध सैल करतं असं 2013 मधल्या एका अभ्यासात दिसलं. महागडी बाटली आणायची हौस असेल त्यांनी आधी आपल्या गावचा लाकडी घाणा गाठावा.

एवढं करूनही महिनाभरात भेगा भरल्या नाहीत, किंवा पाण्याचे फोड आले, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला हवं. गाजरगवत, ओलं सिमेंट, लसूण, रबरी मोज्यांतलं रसायन, यांपैकी काहीही गुन्हेगार असू शकतं. त्यासाठी पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात. पट्ट्या दोन दिवस ठेवायच्या, तोवर पाठीवर पाणी घ्यायचं नाही, आणि काढल्यावर पुन्हा एक-दोन दिवसांनी दाखवायला जायचं. मे महिन्यात त्या घामानेच सुटून येतात. काकूंची आम्ही दिवाळीनंतर करून घेतली.